पेरूवरच्या खपल्या, वाळणारा कडुनिंब आणि करपलेला काजूचा मोहोर: कीड एकच असू शकते का?

हो, असू शकते. तुम्ही लिहिलंय की परसातल्या पेरूच्या फळांवर खडबडीत तपकिरी खपल्या धरतात, कुंपणालगतच्या कडुनिंबाचे शेंडे वाळतात आणि काजूचा मोहोर ऐन भरात काळा पडतो. हे तीन वेगळे रोग आहेत का, आणि ज्याला सगळे ढेकण्या म्हणतात तो किडा नेमका कोणत्या जातकुळीचा, असा तुमचा प्रश्न आहे. माझी सावंतवाडीकडे काजूची बाग आहे. या किड्याशी दर हंगामात गाठ पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

ढेकण्याचं शास्त्रीय नाव हेलोपेल्टिस अँटोनाय. सिग्नोरे या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८५८ साली हे नाव दिलं. शेतीच्या औषधांच्या दुकानात 'टी मॉस्किटो' म्हणून ओळखतात तो हाच, पण डासांशी त्याचं काही नातं नाही. त्याचा गण हेमिप्टेरा, म्हणजे सोंडेने रस शोषणाऱ्यांचा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हेही त्याच गणात येतात, पण त्यांच्या शाखा निराळ्या. ढेकण्याचं कुल मिरिडी. हेटेरोप्टेरा, म्हणजे ढेकणांच्या, उपगणातलं हे सर्वांत मोठं कुल असून जगभरात त्याच्या ११,००० हून जास्त जातींची नोंद झाली आहे. खाटेतल्या ढेकणाचं कुल याच्या जवळचं आहे. कपाशीच्या बोंडावर घोळक्याने बसणारा लाल ढेकूण मात्र वेगळ्या कुलातला.

मिरिडी ओळखायचा असेल तर भिंगातून पुढचा पंख बघा. पंखाच्या जाडसर भागाच्या टोकाला एक छोटा त्रिकोणी तुकडा वेगळा पडलेला दिसतो आणि तिथून पंख खाली वाकलेला असतो. ढेकण्याला तर भिंगही लागत नाही. सहा-आठ मिलिमीटरचा सडपातळ किडा, डोकं काळं, खांदे तांबूस, पोट काळं-पांढरं, मिशा अंगापेक्षा लांब. आणि पाठीवर मधोमध एक काटा उभा, टोकाला गाठ असलेला, थेट टोचून ठेवलेल्या टाचणीसारखा. ही खूण दिसली की दुसरी शंका घ्यायला नको. शोधायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. भर दुपारी तो पानांच्या आड दडतो आणि लोक 'झाडावर काहीच नाही' म्हणून परत येतात.

अंडी शोधायला नजर लागते. मादी ती कोवळ्या देठात किंवा मोहोराच्या दांड्यात आत खुपसते. बाहेर राहतात फक्त दोन पांढरे केसासारखे तंतू, एक आखूड, एक लांब. दहापट भिंग घेऊन तांबूस कोवळ्या फुटीवर बोटभर अंतर नीट तपासलंत तर सापडतील.

आता नुकसान असं का दिसतं ते. मावा झाडाच्या रसवाहिनीत सोंड घालून निवांत रस ओढतो, त्यामुळे चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. मिरिडींची रीत वेगळी. ते सोंडेने पेशी फोडतात, त्यात लाळ सोडतात, पेशी विरघळल्या की तो द्रव ओढून घेतात आणि पुढच्या जागी जातात. लाळ विषारी असल्याने टोचलेली जागा आधी पाणचट, मग तपकिरी, मग काळी होते. काजूच्या कोवळ्या फुटीवर अशा डागांपाशी डिंकाचा थेंबही दिसतो. डाग एकमेकांत मिसळले की शेंडा वाळतो, मोहोर करपतो, वाटाण्याएवढी बी सुकून गळते. जखमेतून बुरशी आत शिरते, म्हणून पुष्कळांना हा बुरशीचाच रोग वाटतो. पेरूचं फळ मात्र वाढत राहतं आणि टोचलेल्या जागी खपली धरते. कडुनिंबाच्या बाबतीत थोडं जपून बोलतो: शेंडे वाळण्यामागे बुरशीही असते, तेव्हा किडा किंवा त्याचे डाग डोळ्यांनी बघितल्याशिवाय ढेकण्याला दोष देऊ नका.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतं ते त्याचं खाद्य. हा किडा आशियातला. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इथे आणलेला. पेरू आणि कोकोही अमेरिकेकडचे. घरचा कडुनिंब असताना या परक्या झाडांवर तो असा बसला की काजूचा तो मुख्य शत्रू झाला. शेवग्यावरही तो येतो. आसामच्या चहावर दिसतो तो याचाच भाऊबंद, हेलोपेल्टिस थिव्होरा. म्हणून फक्त काजूवर फवारून भागत नाही. परसातल्या पेरूला कोवळी फूट असेल तर कीड तिथे तग धरते.

पावसाळ्यात संख्या रोडावते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काजूला पालवी फुटली की वाढू लागते. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन वेळा सांभाळायच्या. औषध आणि मात्रा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या शिफारशीवरून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. फुलं उमललेली असताना मधमाश्यांच्या वेळेत फवारू नका. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या झाडावर असतील तर राहू द्या. काढणीला चावतात हे खरं, पण ढेकण्याला त्या टिकू देत नाहीत. नवी लागवड करणार असाल तर कर्नाटकातल्या पुत्तूरच्या काजू संशोधन केंद्राची 'भास्कर' ही जात विचारात घ्या, हल्ला मध्यम असेल तर ती बऱ्यापैकी निसटते.

औषधाबद्दल मी एवढं का बजावतोय? केरळात कासरगोडच्या सरकारी काजू बागांवर याच किड्यासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. तिथल्या गावांतली माणसं आणि मुलं अजून ते भोगताहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. दोन-चार झाडांसाठी टाकी भरण्याआधी सकाळी झाडाखाली उभं राहून किडे मोजा.

शिवाय सगळे मिरिडी शत्रू नसतात. भातात सिर्टोऱ्हायनस नावाचा नाजूक हिरवट मिरिडी असतो, तो तपकिरी तुडतुड्यांची अंडी शोषतो. टोमॅटोवरचा नेसिडिओकोरिस पांढऱ्या माशीची पिल्लं खातो आणि भक्ष्य संपलं की टोमॅटोच्याच देठाला टोचतो. बीटी कपाशीवर येणारे मिरिडी मात्र पात्यांना (म्हणजे कळ्यांना) आणि बोंडांना टोचणारे. बीटीचं विष बोंडअळ्यांसाठी आहे, या किड्यांना त्याने काही होत नाही.

तुमच्या पेरूच्या खपलीचा आणि काजूच्या शेंड्याचा जवळून काढलेला फोटो टाकलात तर बघून सांगतो. कडुनिंबाचा वाळलेला शेंडा नको, त्याच्या खालचा अर्धवट हिरवा भाग दिसू द्या.