एफडी मोडून स्टुडिओ बांधण्याआधी एकदा निफाडला जाऊन या

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. तीन पानी आहे, त्यातला कामाचा भाग थोडक्यात देतो. वय ३६. ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसर, हातात ६२,००० पगार. पत्नी शिकवण्या घेतात, त्यांचे ११,००० येतात. मुलगी दुसरीत. घरकर्जाचा हप्ता १८,४००, घरखर्च ३१,०००, शाळेची फी आणि विमा मिळून ७,०००, एसआयपी ५,०००. बँकेत ६ लाखांची एकच एफडी, तीन वर्षांसाठी ७.१ टक्क्यांनी ठेवलेली, तिला १४ महिने झालेत. द्राक्ष बागायतदारांसाठी पॉडकास्ट सुरू करायचाय. वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुडिओ करून देणाऱ्याने ४,७०,००० चं कोटेशन दिलंय. गणपतीपर्यंत स्टुडिओ उभा करायचा, दिवाळीनंतर नोकरी सोडायची, असा बेत आहे. प्रश्न एका ओळीचा: “एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?”

नमस्कार. दोन्ही नको. पण पॉडकास्ट मात्र जरूर करा. तुम्ही पाठवलेली दोन्ही रेकॉर्डिंग मी पूर्ण ऐकली आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी पैशाचं बघू.

एफडी मोडली तर बँक तुम्हाला ७.१ टक्के देणार नाही. ठेव जितके महिने राहिली, तेवढ्या मुदतीला त्या वेळी जो दर होता तो लावते आणि त्यातूनही सहसा अर्धा ते एक टक्का कापते. समजा हातात ५.८ टक्के पडले, तर ६ लाखांवर १४ महिन्यांचं नुकसान साधारण ९,००० होतं. खरं सांगायचं तर ही रक्कम जीव जळावा एवढी मोठी नाही. एफडी मोडू नका म्हणतोय ते या नऊ हजारांसाठी नाही. स्टुडिओ झाल्यावर तुमच्याकडे १,३०,००० उरतील. एसआयपी थांबवली तरी घर चालवायला महिन्याला ५६,४०० लागतात. शिकवण्यांचे ११,००० वजा केले तर ४५,४००. म्हणजे दिवाळीनंतर नोकरी सोडलीत तर शिल्लक तीन महिनेसुद्धा पुरणार नाही. संक्रांत होऊन महिना उलटायच्या आत तुम्ही पुन्हा अर्ज करत फिरत असाल, तेही ऐन हंगामात, जेव्हा ऐकणाऱ्याला तुमची सगळ्यात जास्त गरज असेल.

पर्सनल लोनचं गणित एका ओळीत संपतं. ४,७०,००० चार वर्षांसाठी १४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १२,८०० येतो आणि तुमची आजची महिन्याची शिल्लक आहे ११,६००. कधी अडचण आलीच तर एफडी तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट, म्हणजे लागेल तेवढंच उचलायचं कर्ज, घ्या. तो एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के महाग पडतो, पर्सनल लोनपेक्षा कितीतरी स्वस्त. मात्र कॅमेरे घेण्याला अडचण म्हणत नाहीत.

आता ते कोटेशन. तीन कॅमेरे २,३५,०००. माईक आणि मिक्सर ६८,०००. भिंतींना फोम ५६,०००. लाइट ४२,०००. सोफा-टेबल ५५,०००. आणि मागच्या भिंतीवर तुमच्या कार्यक्रमाच्या नावाचा निऑनचा बोर्ड, १४,०००. ऐकणाऱ्याच्या कानाशी यातल्या फक्त माईक-मिक्सरचा संबंध आहे, आणि तेही चार माणसांसाठी धरलंय. तुम्ही बोलणार दोघं. फोमबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. रस्त्यावरचा हॉर्न आणि शेजारचा मिक्सर त्यातून आरामात आत येतो. घुमारा घालवायला घरातल्या गाद्या आणि दोन जाड गोधड्या पुरतात. दिसायला बरं दिसत नाही, एवढंच.

पण माझी मुख्य हरकत खर्चावर नाही. तुमचे पाहुणे कोण आहेत? निफाड, दिंडोरी, पिंपळगावचे बागायतदार. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून (फळासाठी वेल छाटतात ती) माल निघेपर्यंत हा माणूस बाग सोडून नाशिकला शूटिंगला येईल का? तुम्ही स्वतः त्यांच्या बांधावर रोज उभे असता, हे तुम्हाला मी काय सांगावं. आणि आलाच, तर सोफ्यावर तीन कॅमेऱ्यांसमोर अंग चोरून बसेल आणि कृषी मेळाव्यातल्या भाषणासारखं बोलेल. तुमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये हेच झालंय. ते तुमच्या हॉलमध्ये केलंय, आणि पाहुणे पहिली सहा मिनिटं स्वतःचा परिचय आणि पुरस्कार सांगतात. दुसरं पाहुण्यांच्या पॅकहाउसच्या, म्हणजे द्राक्षं भरायच्या शेडच्या, ओट्यावर केलंय. मागे क्रेट आपटल्याचा आवाज आहे, लांब कुठेतरी ट्रॅक्टर आहे, आणि तरीही मी ते एका बैठकीत ऐकलं. आणि मला तर थॉम्सन आणि सोनाका या द्राक्षाच्या जाती शेजारी ठेवल्या तरी ओळखता यायच्या नाहीत.

त्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमधल्या चौदाव्या मिनिटाबद्दल मात्र बोलायला हवं. फुलोऱ्यात पाऊस झाला, डाऊनी (वेलीवरचा बुरशीचा रोग) आली, दोन एकर गेले, हे ते गृहस्थ सांगत होते. मग म्हणाले, “त्या रात्री मी घरात सांगितलंच नाही,” आणि थांबले. तुम्ही लगेच म्हणालात, “नक्कीच, नक्कीच, तर आता आपण फवारणीच्या वेळापत्रकाकडे वळू या.” अहो, तिथे गप्प बसायचं होतं. चार-पाच सेकंद. तो माणूस पुढे बोललाच असता, कर्ज किती होतं, सोसायटीचं की दुकानदाराची उधारी, कसं फेडलं. फवारणीचं वेळापत्रक छापील मिळतं, ही गोष्ट कुठेच मिळत नाही. दोन लाख पस्तीस हजारांच्या कॅमेऱ्यांनी तो क्षण परत आणता येणार नाही.

तर खर्च असा करा. जून आणि जुलैची शिल्लक मिळून २३,२०० होते. त्यातून दोन डायनॅमिक माईक, माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, केबल आणि स्टँड घ्या. मध्यम दर्जाचं सगळं वीस हजारांच्या आसपास बसतं. दुकानदार कंडेन्सर माईक गळ्यात मारायला बघेल. तो चांगलाच असतो, पण बंद, शांत खोलीसाठी. पॅकहाउसमध्ये तो ट्रॅक्टरसुद्धा प्रेमाने टिपतो. डायनॅमिक माईक तोंडापासून मूठभर अंतरावर धरला की जवळचं घेतो, लांबचं बरंचसं सोडतो. दोघांचा आवाज वेगवेगळ्या चॅनेलवर घ्या, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्यावर बसला तर काढता येतो. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीच बोलू नका, तिथली नुसती शांतता रेकॉर्ड करा. कापलेल्या जागी भरायला ती लागते. आवाजाची पातळी बघायला “हॅलो हॅलो” करू नका, सकाळी काय जेवलात ते विचारा, माणूस नेहमीच्या आवाजात बोलतो. व्हिडिओसाठी हातातला फोन तिवईवर लावा. संकलनाला ऑडासिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, शेवटी आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आणून ठेवायचं कामही त्यातच होतं. पार्श्वसंगीत म्हणून सिनेमाचं गाणं लावू नका, हक्काची नोटीस आली की कमाईसुद्धा गाण्याच्या मालकांकडे जाते.

ऑगस्टपासून महिन्याला ५,००० पॉडकास्टच्या वेगळ्या बचत खात्यात टाका आणि खर्च फक्त त्यातूनच करा. महिन्याला दोन भाग पुरे. एका भागाला फोनाफोनी, जाणं-येणं, रेकॉर्डिंग, संकलन आणि यूट्यूबवर चढवणं धरून दहा-अकरा तास जातात, त्यातले निम्मे संकलनात. म्हणून पहिले चार भाग स्वतः कापा, काय टाकायचं ते कळेल, आणि पाचव्यापासून मास कम्युनिकेशनच्या एखाद्या विद्यार्थ्याला भागामागे दीड हजार देऊन ते काम सोपवा. पेट्रोल धरून महिना साडेचार हजारांत भागतं. तुमच्याकडे पैशापेक्षा वेळ कमी आहे, तेव्हा पैसा लावायचा तर वेळ विकत घ्यायला लावा.

विषय हंगामाच्या पुढे एक पाऊल ठेवा. गोडी छाटणीचे भाग ऑगस्टमध्ये, माल निघाल्यावरच्या खरड छाटणीचे मार्चमध्ये. नावं अशी द्या की माणूस ती शोधेल. “भाग ७ : मनमोकळ्या गप्पा” कुणी शोधत नाही, “डाऊनी दिसली तर पहिले दोन दिवस काय करायचं” हे शोधतात. मात्र औषधाचं नाव आणि मात्रा तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगू नका. एका चुकीच्या मात्रेने कुणाचा निर्यातीचा माल रेसिड्यूच्या (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या) तपासणीत अडकला तर तो तुमचंच नाव घेईल. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञाला बोलतं करा.

आता कमाई. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. पाऊण तासाचा भाग माणूस सरासरी १२ मिनिटं ऐकतो असं धरलं, तर २०,००० वेळा तो ऐकला जायला हवा. वर्षाच्या २४ भागांत विभागलं तर प्रत्येकी साधारण ८३०. द्राक्षपट्ट्यात हे अशक्य नाही. पण तिथे पोहोचल्यावर हातात येतो तो जाहिरातीच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा, आणि त्यावर घरकर्जाचा हप्ता भरायचं स्वप्न बघू नका.

पैसा असेल तर प्रायोजकांत. तुमचा श्रोता थोडा असला तरी एकरी लाखोंनी खर्च करणारा आहे, त्यामुळे दोन हजार ऐकणाऱ्यांसाठीही कुणीतरी पैसे मोजेल. पहिला फोन बहुधा औषध कंपनीचा येईल. निदान पहिलं वर्ष तो नाकारा. क्रेट, तार, नर्सरी, हवामान यंत्रवाले चालतील, आणि भाग पैसे घेऊन केलाय हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. मोबदल्यातून सहसा १० टक्के टीडीएस कापून येईल, तो रिटर्नमध्ये दाखवा. फुकट मिळालेली वस्तू ठेवून घेतली आणि वर्षात २०,००० च्या वर गेली तर तिच्यावरही टीडीएस आहे. जीएसटी नोंदणीची काळजी उलाढाल २० लाखांच्या जवळ जाईपर्यंत नको.

आणि आधी नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरच्या उत्पन्नाला परवानगी लागते का, बघा. तुमची कंपनी ठिबक विकते आणि उद्या दुसऱ्या ठिबकवाल्याने प्रायोजकत्व दिलं तर काय होईल, ते साहेबांना तुम्हीच आधी विचारलेलं बरं.

नोकरी कधी सोडायची? पॉडकास्टचा खर्च जाऊन उरलेली रक्कम सलग सहा महिने महिन्याला ३०,००० च्या वर राहिली, त्यात एक सुगीनंतरचा मंदीचा काळही येऊन गेला, आणि एफडी शाबूत असली, तर मला पुन्हा लिहा. त्याआधी कुटुंबाचा स्वतःचा मेडिक्लेम घ्या. पत्रात विमा म्हणून जो लिहिलाय तो फक्त आयुर्विमा दिसतो. आजारपणाचं संरक्षण कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून असेल, तर राजीनाम्याबरोबर ते संपेल.

एफडीची मुदत संपल्यावर मात्र सहा लाख पुन्हा एकाच पावतीत ठेवू नका. दोन-दोन लाखांच्या तीन करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. कोटेशनची मुदत या महिन्याच्या १५ तारखेला संपते असं तुम्ही लिहिलंय. संपू द्या. आणि त्या पॅकहाउसवाल्या गृहस्थांना फोन करून विचारा, पुन्हा एकदा ओट्यावर बसता का.