सीएचएम हेल्प एचटीएमएलमध्ये नेताना आधी एफ-१चे क्रमांक वाचवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बिलिंग सॉफ्टवेअरची जुनी सीएचएम (विंडोजची, सगळी पानं एकाच फाइलीत बांधलेली) हेल्प फाइल साध्या एचटीएमएलमध्ये न्यायची आहे, पानं इंग्रजी-मराठी मिसळ आहेत, बऱ्याच दुकानांत इंटरनेटचा भरवसा नाही, आणि हे सगळं एका फटक्यात करून देणारं टूल हवं आहे. त्या टूलच्या शोधात वेळ घालवू नका. मजकूर बाहेर काढणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम आहे ते पत्ते जपण्याचं. कुठल्या स्क्रीनवर एफ-१ दाबलं की कुठलं पान उघडायचं, हा हिशेब हरवला तर नवी हेल्प कितीही देखणी झाली तरी काउंटरवर बसलेल्या माणसाच्या उपयोगाची नाही.

सीएचएम सोडताय हे मात्र उत्तम. हा १९९७ सालचा प्रकार, आतली पानं इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनावर दिसतात. २००५च्या सुरक्षा अपडेटनंतर नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमधून ती नीट उघडेनाशी झाली. डाउनलोड केलेली फाइल प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक केली नाही तर उजवीकडे पानच येत नाही. शिवाय डावीकडचं कंटेंट्स आणि इंडेक्स एएनएसआय कोडपेजवर (ठरावीक लिप्यांसाठीच्या जुन्या अक्षर-तक्त्यावर) चालतं आणि देवनागरीला विंडोजमध्ये तसं कोडपेजच नाही. पान मराठीत असलं तरी डावीकडचं शीर्षक मराठीत द्यायला गेलं की प्रश्नचिन्हं उमटतात.

आता पहिलं काम. जुन्या डेव्हलपरच्या फोल्डरमध्ये एचएचपी प्रोजेक्ट फाइल सापडते का बघा. तिच्यातल्या 'मॅप' आणि 'अलायस' या दोन विभागांत स्क्रीनचे क्रमांक आणि त्यांची पानं असतात. ती नसेल तर विंडोजचं डीकंपाइल (सीएचएम सुटी करून देणारी सोय) वापरून पानं, कंटेंट्स आणि इंडेक्स मिळतील, पण हे क्रमांक मिळणार नाहीत. अशा वेळी सीएचएम सेव्हन-झिपने उघडा. आत 'हॅश-आयव्हीबी' आणि 'हॅश-स्ट्रिंग्ज' (हॅश म्हणजे # हे चिन्ह) नावाच्या फाइली दिसतील. पहिलीत सुरुवातीचे चार बाइट सोडले की पुढे आठ-आठ बाइटांच्या जोड्या आहेत: चार बाइट क्रमांकाचे, चार बाइट त्या पानाचं नाव दुसऱ्या फाइलीत कुठे आहे ते सांगणारे. पायथनच्या थोड्याशा ओळींत पूर्ण तक्ता निघतो. तो एक्सेलमध्ये टाका, सॉफ्टवेअरच्या कोडमधल्या क्रमांकांशी ताडून बघा, आणि मगच बाकीच्या कामाला हात घाला.

नंतर मराठी पानं. पानांचं रूपांतर करणाऱ्या पॅनडॉक या टूलला फक्त यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) कळतं, त्यामुळे जुन्या विंडोज-१२५२ पानांचं एन्कोडिंग आधी बदलावं लागतं. पण तुमची काही पानं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर तिथे एन्कोडिंग बदलून काहीच होत नाही. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली आहेत, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. इथे क्रम चुकवू नका. हा मजकूर मराठी आहे याची एकमेव खूण म्हणजे भोवतीचा फॉन्ट टॅग, आणि पॅनडॉक तो टॅग टाकून देतो. एकदा पानं त्यातून गेली की मराठी कुठलं आणि कचरा कुठला हे यंत्राला ओळखता येत नाही. म्हणून त्या-त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने आधी युनिकोड करून घ्या. नंतर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. 'निर्यात', 'खर्चाची विभागणी' असे शब्द पुरेसे आहेत, गडबड झाली असेल तर तिथे लगेच दिसते.

तयार साइटसाठी मी स्फिंक्स हे, मजकुरातून हेल्पची पानं बनवणारं टूल सुचवेन. कारण अगदी व्यवहारी आहे: त्याचा शोध-इंडेक्स जावास्क्रिप्ट फाइल म्हणून लोड होतो, त्यामुळे सर्व्हर नसतानाही डिस्कवरून उघडलेल्या पानात शोध चालतो. शिवाय जुन्या हेल्पच्या एचएचके या इंडेक्स फाइलीतले शब्द त्याच्या इंडेक्स डिरेक्टिव्हमध्ये (इंडेक्ससाठीच्या सूचनेत) जसेच्या तसे बसवता येतात. मात्र मराठीसाठी दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात.

पहिली म्हणजे मथळ्यांचे अँकर, म्हणजे लिंकने थेट त्या मथळ्यापाशी नेणाऱ्या खुणा. स्फिंक्स त्यांचे आयडी बनवताना सगळी देवनागरी गाळली जाते आणि 'बिल रद्द करणे' या मथळ्याला 'आयडी-३' असलं काहीतरी नाव मिळतं. उद्या त्याच पानावर वर एक मथळा वाढवला की तेच 'आयडी-४' होतं आणि बाहेरून दिलेली लिंक भलत्याच ठिकाणी जाते. प्रत्येक मथळ्यावर रोमन लिपीत स्वतःचं लेबल द्या. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

दुसरी म्हणजे शोध. पायथनच्या नेहमीच्या शब्द-नियमात काना-मात्रा-वेलांटी बसत नाही, त्यामुळे 'किंमत'चे 'क' आणि 'मत' असे तुकडे पडतात. स्फिंक्समध्ये स्वतःची शोध-भाषा नोंदवता येते. तिथे शब्द मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडा, आणि ब्राउझरकडच्या कोडमध्येही हाच नियम ठेवा. एकाच बाजूला बदल केलात तर काहीच सापडणार नाही.

जोडलेल्या सेलची कोष्टकं आणि 'संबंधित विषय' दाखवणारी अ‍ॅक्टिव्हएक्स बटणं हाताने दुरुस्त करावी लागतील. फाइलींची नावं सरसकट लहान अक्षरांत आणा आणि लिंकमध्येही तशीच करा. सीएचएमला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो.

शेवटी एफ-१. सॉफ्टवेअरमधून थेट पानाचा पत्ता अँकरसकट उघडू नका. डिस्कवरची फाइल शेलमार्फत (विंडोजच्या फाइल उघडून देणाऱ्या यंत्रणेतून) उघडताना विंडोज बहुधा अँकरचा भाग गाळूनच ब्राउझरकडे पाठवतं. त्याऐवजी तक्त्यातल्या प्रत्येक क्रमांकाच्या नावाने एक इवलंसं एचटीएमएल पान तयार करा, जे लगेच योग्य पानावर, योग्य मथळ्यापाशी नेतं. कोडमध्ये जुन्या हेल्पच्या कॉलऐवजी एकच फंक्शन राहील: क्रमांक घ्या, त्या नावाची फाइल उघडा. पुढे पानं कितीही हलवलीत तरी सॉफ्टवेअर नव्याने बिल्ड करावं लागणार नाही, फक्त ही छोटी पानं पुन्हा तयार करायची. तक्ता काढताना आयव्हीबी फाइल वाचायला अडलात तर तिचे पहिले काही बाइट हेक्समध्ये इथे टाका, आपण मिळून बघू.