जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन हरिहर गडावर जाणार आहोत. तिथे कुणाला लागलं तर १०८ येते का?

येते, पण डांबर संपतं तिथपर्यंत. पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत माणसाला खाली आणायचं काम तुमचं आणि गावातल्या पोरांचं. बहुतेक वेळ तिथेच जातो.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण पायऱ्यांच्या खाली शेवाळलेल्या कातळावरून घसरला. घोट्याच्या वर हाड मोडलं. मी १०८ लावला. हा फोन पुण्याला, औंधच्या केंद्रात लागतो. पलीकडून गाव, तालुका विचारत होते आणि मी नुसतं 'हरिहर, हरिहर' करत होतो. गडाला एक वाट निरगुडपाड्याहून, दुसरी हर्षेवाडीहून. गाडी भलत्या बाजूला गेली असती, तर आख्ख्या डोंगराला वळसा पडला असता. शेवटी लिंबू-सरबत विकणाऱ्या मावशींनी फोन घेतला आणि एका दमात सांगितलं, "निरगुडपाडा, तालुका त्र्यंबकेश्वर, जिल्हा नाशिक."

त्यांच्या मुलाने बांबू आणि घोंगडी आणली, झोळी बांधली. मोडलेला पाय आम्ही छत्रीला क्रेप बँडेजने आवळला, बोटं काळीनिळी पडत नाहीत ना ते बघत. चिखलात दर वीस-पंचवीस पावलांवर माणसं बदलत खाली यायला दीड तास लागला. गाडी आधीच येऊन उभी होती. डॉक्टर रेनकोट घालून बांधापर्यंत चालत आले होते.

राज्यात २०१४ पासून ही सेवा आहे. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. त्र्यंबकला ग्रामीण रुग्णालय आहे. डोक्याला मार असेल किंवा ऑपरेशनची वेळ आली तर पुढे नाशिक, साधारण तीस किलोमीटर. साप चावला तर कापू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता उचलून न्या आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठे आहे ते १०८ वरच विचारून घ्या. तुमच्या सिमला रेंज नसेल तर ११२ लावा, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असलं तरी लागतो.

आई-वडिलांना पायऱ्यांवर नेऊ नका, एवढं मात्र ऐकाच. पायऱ्या जेमतेम एका माणसापुरत्या आहेत. शनिवार-रविवारी वर गर्दी तुंबली की जखमी माणसाला उतरवायला वाटच उरत नाही. त्यांना खालच्या पठारावर बसवा, तिथून गड सुरेख दिसतो. आणि चढण्याआधी पाड्यातल्या कुणाचा तरी नंबर घेऊन ठेवा.