पणजीच्या मनगटावरचा 'क्रॉस'

मिरजेहून एकांनी विचारलंय की पणजीच्या जुन्या फोटोत मनगटावर क्रॉस गोंदलेला दिसतोय, चारी कोपऱ्यांत ठिपके पण आहेत, तर आमच्या घरात पूर्वी कोणी ख्रिस्ती झालं होतं का? शंका अगदीच हवेतली नाही, मिरजेत वॉन्लेस साहेबांचा मिशन दवाखाना 1894 साली सुरू झाला होता. पण मला विचाराल तर तो क्रॉस नसावा, स्वस्तिक असावं, आणि चुगली त्या ठिपक्यांनीच केलीय.

दारात रांगोळीचं स्वस्तिक काढताना चार खणांत चार ठिपके देतोच की आपण. मग वळवलेली टोकं गेली कुठं? अहो, गोंदणारीण दोन-तीन सुया दोऱ्यानं बांधून काजळी टोचायची, वरनं हळद चोपडायची, मनगटाची जागा एवढीशी, त्यात ती टोकं असून असून गव्हाच्या दाण्याएवढी, पुढं चाळीस-पन्नास वर्षांत काजळी कातडीत पसरते, कडा फुगतात, आणि जुन्या फोटोत नुसती फुली उरते. बरं ते हिरवट-निळं दिसतं ना, तीही शाई हिरवी म्हणून नाही हां, काळी काजळीच कातडीआडून तशी दिसते.

आणि खूण बघून पंथ ठरवायला तर जाऊच नका. हातावर तुळस दिसली की लोक घर वारकरी म्हणून मोकळे होतात, पण तुळशीला पाणी कुठल्या घरात घालत नव्हते? वारकरी ओळखायचा तर गळ्यात माळ बघा. पाच ठिपक्यांना कुणी पाच पांडव म्हणतं, कुणी म्हणतं नजर लागू नये म्हणून, ठिपके तेच. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं असं म्हाताऱ्या सांगायच्या, ते खरंच, पण पालचा खंडोबा, मांढरदेवी अशा जत्रांत गोंदून घेणाऱ्या पोरींना देवाइतकीच हौस पण असणार असं माझं मत.

खात्रीच करायची तर नात्यातल्या म्हाताऱ्या बायांचे हात बघा, आत्या, चुलत्या, कुणीतरी असेलच, जावा-नणंदा बऱ्याचदा एकत्रच गोंदून घ्यायच्या. फक्त "हा क्रॉस आहे का" असं विचारू नका, त्या होला हो करतील. "हे काय गोंदलंय" एवढंच विचारा.