‘हलकी रेल’, ‘लाइट रेल’ की ट्राम? आणि पॉडला काय म्हणायचं?

प्रश्न असा: शहरी वाहतुकीवरच्या लेखात लाइट रेल आणि पॉड (स्वतंत्र मार्गावरून चालकाविना थेट नेणारी छोटी गाडी) यांची तुलना करायची आहे, तर लाइट रेलला ‘हलकी रेल’ आणि पॉडच्या सेवेला, म्हणजे ‘पर्सनल रॅपिड ट्रान्झिट’ला, ‘वैयक्तिक जलद परिवहन’ हे प्रतिशब्द चालतील का? आणि पॉड ‘तो’ की ‘ती’?

‘हलकी रेल’ नको. मराठीत ‘हलकं’ म्हटलं की आधी वजन मनात येतं आणि पाठोपाठ दर्जा: हलका माल, हलक्या प्रतीचं कापड. इथे दोन्ही अर्थ गैरलागू आहेत. आजची जोडडब्यांची लाइट रेल गाडी रिकामी असतानाच चाळीसेक टन भरते. या नावातला ‘लाइट’ वाहतुकीच्या भाराविषयी आहे. मेट्रोपेक्षा कमी प्रवासी, आखूड गाड्या, साधी स्थानकं आणि गरज पडली तर भर रस्त्यातूनही जाणारे रूळ, असा त्याचा आशय. अमेरिकेच्या शहरी परिवहन प्रशासनाने १९७२ मध्ये हे नाव रूढ केलं.

महाराष्ट्रात मात्र ‘लाइट रेल्वे’ हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तिथे त्याचा अर्थ खरोखरच वजनाचा होता. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावायची, आणि एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू नये अशा बेताने तिचे डबे नि इंजिनं घडवली होती. भार कमी म्हणून रूळ हलके आणि खर्चही आटोक्यात. १९०६ पासून ती पंढरपूरला जाऊ लागली. म्हणून जुन्या बार्शी लाइटबद्दल लिहिताना ‘हलके रूळ’ म्हणणं बरोबर ठरेल. लंडनच्या किंवा सॅन दिएगोच्या गाडीला तो अर्थ चिकटवू नये.

दुसरी अडचण आपल्या बोलीतली. ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली. त्यामुळे ‘लाइट रेल’ वाचून अनेकांना ‘विजेवरची रेल्वे’ असा अर्थ लागतो, आणि ती बहुतेक ठिकाणी विजेवरच चालत असल्याने हा गैरसमज दुरुस्तही होत नाही. लेखात पहिल्यांदा शब्द येताच अर्ध्या वाक्यात खुलासा करावा: ‘लाइट रेल, म्हणजे मेट्रोहून लहान क्षमतेची रुळांवरची गाडी’.

गाडी रस्त्यातल्या रुळांवरून, मोटारींच्या सोबतीने जात असेल तर सरळ ‘ट्राम’ लिहा. हा शब्द आपल्याकडे पूर्ण मुरलेला आहे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या आणि १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्या होत्या, शेवटची ३१ मार्च १९६४ रोजी धावली, तरी ‘दादर टी.टी.’ अजून तोंडात आहे, त्यातला पहिला ‘टी’ ट्रामचाच. मार्ग बहुतांशी स्वतंत्र असेल तर ‘लाइट रेल’. चालक आहे की नाही यावरून मात्र नाव ठरवू नका. लंडनची १९८७ ची डॉकलँड्स लाइट रेल्वे विनाचालक आहे, तरी ती पॉड नव्हे.

आता ‘वैयक्तिक जलद परिवहन’. ‘वैयक्तिक’मुळे गाडी आपल्या मालकीची असल्यासारखं वाटतं, आणि ‘जलद’मुळे वेग. हीथ्रो विमानतळावर २०११ मध्ये सुरू झालेले चार आसनी पॉड ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावतात. वेळ वाचतो तो मधे न थांबल्याने. स्थानक मुख्य मार्गाच्या बाजूला असतं, रेल्वेत गाडी लूपवर घेतात तसा थांबणारा पॉड बाजूला वळतो आणि मागचे पुढे निघून जातात. यासाठी एसटीने आपल्याला नेमका शब्द दिला आहे: विनाथांबा. मला ‘विनाथांबा पॉड’ हा प्रतिशब्द त्या लांबलचक नावापेक्षा कितीतरी सरस वाटतो.

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या प्रकल्पामुळे रुळलेला ‘पॉड टॅक्सी’ही चांगला आहे, कारण टॅक्सी म्हणजे बोलावल्यावर येणारी आणि थेट नेणारी. पण गाडी प्रत्येक स्थानकावर थांबत ठरलेल्या फेऱ्या मारत असेल, तर ती टॅक्सी नाही, शटल आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनची १९७५ ची यंत्रणा याच सीमेवर आहे: एका गाडीत वीसेक माणसं, मागणीनुसार थेट सेवा, पण गर्दीच्या वेळी वेळापत्रक.

बातम्यांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे ‘रुळांवरून धावणारे पॉड’. हीथ्रोचे पॉड रबरी टायरांवर, काँक्रीटच्या मार्गिकेतून जातात. तिथे ‘सांधा बदलला’ असंही लिहिता येणार नाही. ट्रामला फाट्यावर सांधा, म्हणजे गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारा हलता भाग, लागतो, तो सरकवायचा आणि घट्ट बसल्याची खात्री करायची. गाड्यांमध्ये सहाच सेकंदांचं अंतर असेल तर तेवढी सवड मिळत नाही, म्हणून पॉड स्वतःची चाकं वळवतो आणि मार्गिकेत हलणारा भागच ठेवत नाहीत. रुळांऐवजी ‘मार्गिका’ आणि सांध्याऐवजी ‘फाटा’ लिहा.

तुलनेत ‘क्षमता’ शब्द जपून वापरावा. सहा सेकंदांना एक पॉड म्हणजे तासाला ६००, चार आसनांचे २,४००. दोनशे माणसांची लाइट रेल दर पाच मिनिटांनी सोडली तरी तेवढेच होतात, आणि दोन गाड्या जोडल्या की ४,८००. शिवाय पॉडमध्ये सरासरी दोघंच बसले तर आकडा १,२०० वर येतो, आणि सकाळी सगळे एकाच दिशेला निघाले की रिकामे पॉड उलट धाडावे लागतात. म्हणून पॉडबाबत ‘आसनं’ आणि ‘प्रवासी’ वेगवेगळे सांगावेत.

राहिलं लिंग. पॉड पुल्लिंगी: तो पॉड, ते पॉड, पॉडमध्ये, पॉडचा दरवाजा. पॉड टॅक्सी मात्र टॅक्सीमुळे स्त्रीलिंगी: ती पॉड टॅक्सी आली, त्या टॅक्सी आल्या. ट्राम आणि लाइट रेलही ‘ती’च.