सैन्यातला डॉक्टर 'सल्लागार' झाला की पेशंट सुटतात का?

निपाणीहून प्रश्न आलाय: भाची पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात लागली, पुढं 'मेडिकल अ‍ॅडव्हायझर' झाली की पेशंट बघणं बंद होतं का?

मी डॉक्टर नव्हे. खानापूर तालुक्यातला, आर्मीच्या मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो, सुभेदार होऊन पेन्शनीत आलो. साहेबांच्या मागं बॅग धरून जे बघितलं ते सांगतो.

सल्लागार दोन तऱ्हेचे. एक स्पेशालिस्टांच्या शिडीवरचा: ग्रेडेड, मग क्लासिफाइड, मग सीनियर अ‍ॅडव्हायझर, शेवटी कन्सल्टंट. यांचे पेशंट कुठले सुटतात? खालच्यांना न उलगडलेली केस यांच्याच दारात येते. दुसरा कचेरीतला: डिव्हिजनला एडीएमएस, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर मेडिकल सर्व्हिसेस; काही डिव्हिजनांची मिळून कोअर, तिला डीडीएमएस, म्हणजे डेप्युटी डायरेक्टर; त्याच्या वर कमांडला मेजर जनरल मेडिकल. याचा स्टेथोस्कोप खणात. पेशंट अख्खी डिव्हिजन, आणि कडू औषध पाजायचं ते जनरलसाहेबांना.

लडाखात विरळ हवेची सवय व्हायला नियम असा: 9 ते 12 हजार फुटांवर 6 दिवस थांबायचं, 15 हजारांपर्यंत आणखी 4, त्याच्या वर पुन्हा 4. पलटण मात्र वर कालच पोचायला हवी असते. एकदा आमच्याच भागातला एक पोरगा रात्री खोकत आला. "काय झालं नाही ओ मला, सर्दी हाय." ओठ निळे, पांढऱ्या मगात थुंकला तो गुलाबी फेस, म्हणजे उंचीनं फुफ्फुसात पाणी भरलेलं. ऑक्सिजन लावून रात्रीच खाली उतरवला, म्हणून वाचला. सकाळी साहेब कमांडरपुढं उभे राहिले, दिवस एकही कमी करणार नाही म्हणाले. आवाज चढला नाही. मी बाहेर फाइल धरून उभा होतो, पाय माझेच कापत होते.

हे ज्ञान फुकट आलेलं नाही. 1962 ला चीनच्या लढाईत फौज घाईनं वर चढवली होती. पुढं इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1,925 जवानांच्या पहाडी आजारावर लिहिलेला निबंध 1969 ला छापून आला. लष्करी डॉक्टरांचंच काम ते.

दोन्ही वाटा चाललेली माणसंही आहेत. माधुरी कानिटकर लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टर, एएफएमसीच्या डीन, 2020 ला लेफ्टनंट जनरल, नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू.

भाचीला ठरवायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. आधी एखाद्या पलटणीत पोस्टिंग होईल. तिथं रूट मार्चनंतर शंभरेक जवान बूट काढून ओळीनं बसतात, आणि डॉक्टर वाकून एकेकाचे फोड बघत जातो. वास सहन करायची सवय करा म्हणावं.