जमीन आपली, राखण आपली

उपनिरीक्षकबाईंना अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा चिडून. तू लिहितेस, "सर, कॉन्सुलेटसमोर जे लोक घोषणा देत होते, त्यांचं म्हणणं मला पटत होतं. अंगावर वर्दी नसती तर मीही त्यांच्यात उभी राहिले असते. मग चार तास उन्हात उभी राहून मी नेमकी कोणाची राखण करत होते?"

तू धीट आहेस, मनाने स्वच्छ आहेस, वगैरे लिहिण्यात मी शाई घालवणार नाही. मोर्चे निघावेत, लोकांनी सरकारांना, आपल्या आणि परक्याही, जाब विचारावा, यावरही आपलं दुमत नाही. माझा राग तुझ्या त्या 'कोणाची' या शब्दावर आहे.

अकादमीत मी तुमच्या बॅचला विचारलं होतं, परक्या देशाच्या दूतावासाची जमीन कोणाची? अर्ध्याहून जास्त हात वर झाले, 'त्या देशाची, सर!' त्यात तुझाही हात होता, मला आठवतंय. साफ चूक. जमीन आपलीच असते. त्यांच्या परवानगीशिवाय आपण आत पाऊल टाकू शकत नाही, झडती घेऊ शकत नाही, एवढंच. आता यातली मेख बघ. जमीन त्यांची असती, तर त्यांनी आपली फौज आणून ती राखली असती आणि तू घरी जेवायला गेली असतीस. पण रस्ता आपला, फूटपाथ आपला, पोलीस ठाण्याची हद्द आपली. रस्त्यावर त्यांना स्वतःचा एक शिपाईही उभा करता येत नाही. आत बसलेली माणसं आपल्या भरवशावर बसलेली आहेत. जमीन आपली, म्हणून राखण आपली. आतल्याचं धोरण चांगलं की वाईट, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

दूतावासांबद्दलच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 22 तुला पाठ असेल. तुझी ड्यूटी कॉन्सुलेटवर, म्हणजे वाणिज्य दूतावासावर, म्हणून तुला लागू होतो तो त्यासाठीचा 1963 चा वेगळा करार, कलम 31. दोन्हीकडे यजमान देशावर 'खास कर्तव्य' टाकलंय. त्या 'खास' खाली मी फळ्यावर दोन रेघा ओढायचो आणि तुम्ही हसायचा. किराणा दुकानावर दगड पडू नये हे पोलिसांचं कर्तव्य, पण साधं. इथे घुसखोरी, नासधूस, शांततेचा भंग, प्रतिष्ठेला धक्का, हे सगळं होऊ नये म्हणून योग्य ती सगळी पावलं उचलायची. उचलायची म्हणजे आधी उचलायची. दगड पडल्यावर पंचनामा करणं हे पाऊल उचलणं नव्हे.

तेहरानचं प्रकरण मी वर्गात घाईत उरकलं होतं. आता नीट ऐक, कारण तुझा प्रश्न तिथे जसाच्या तसा विचारला गेला होता.

1979 सालचा फेब्रुवारी. इराणमध्ये क्रांती होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. 14 तारखेला हत्यारबंद टोळीने अमेरिकेच्या दूतावासावर हल्ला केला. नव्या सरकारची माणसं धावून आली, हल्लेखोरांना बाहेर काढलं, सरकारने माफी मागितली. म्हणजे मनात आणलं तर राखता येत होतं. 1 नोव्हेंबरला मोठा जमाव दूतावासावरून फिरत राहिला. तेव्हा पोलीस बाहेर होते, पोलीसप्रमुख स्वतः आत जाऊन भेटून आले. तो दिवसही निभावला. एरवी फाटकाबाहेर गणवेशातले दहा ते पंधरा पोलीस असायचे. दहा ते पंधरा! तुझ्या पॉइंटवर किती होते? मग 4 नोव्हेंबर उजाडला. सकाळी साडेदहाच्या सुमारास साधारण 3,000 लोक आले, आणि बाहेरचे रक्षक दिसेनासे झाले. त्यांनी कोणाला मारलं नाही, हल्लेखोरांना कुलूप उघडून दिलं असंही नाही. नुसते दिसेनासे झाले. पुढे तीन तासांहून जास्त वेळ हल्ला चालू होता, आतून मदतीसाठी फोन जात होते, आणि कोणी आलं नाही. त्यातल्या 52 माणसांना घरी जायला 444 दिवस लागले.

24 मे 1980 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला. हल्ला करणारे विद्यार्थी होते. पहिल्या दिवशी ते सरकारची माणसं ठरत नाहीत, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही इराण दोषी ठरला, कारण राखण केली नाही. पुढे क्रांतीचे नेते खोमेनी यांनी या ताब्याला जाहीर पाठिंबा दिला तेव्हा ती सरकारचीच कृती झाली, तो गुन्ह्याचा दुसरा भाग. मला मात्र पहिलाच भाग झोपू देत नाही. काहीच न करण्यानेही देश गुन्हेगार ठरतो. आणि ते 'काहीच न करणं' शेवटी करतं कोण? फाटकावरचे दहा ते पंधरा जण. तू आणि मी.

इराणची बाजू काय होती, तर अमेरिकेने पंचवीस वर्षं आमच्या देशात लुडबूड केली, 1953 मध्ये आमचं सरकार उलथवलं. हे म्हणणं पटण्यासारखं नव्हतं का? अगदी होतं, आणि त्यातला 1953 चा भाग तर आता अमेरिकाही नाकारत नाही. पण न्यायालयाने विचारलं ते असं की, राग आहे ना, मग हाकला त्या अधिकाऱ्यांना, तोडा संबंध, करारातच तशी सोय आहे. संबंध तोडल्यावरही, अगदी युद्ध पेटलं तरी, इमारत राखायचीच आहे. कलम 45 वाच. तेव्हा पुन्हा मला 'पण सर, लोकभावना' असं लिहू नकोस. लोकभावनेला वाट काढून द्यायचं काम दिल्लीचं. तुझं काम पॉइंटचं.

आणि याच गोष्टीचं दुसरं टोक बघ, हे मी वर्गात सांगितलं नव्हतं. तेहरानमध्ये अमेरिकन माणसं कैदेत असताना, 30 एप्रिल 1980 ला लंडनमधल्या इराणच्या दूतावासात सहा बंदूकधारी घुसले. दारावर होता लंडन पोलिसांचा एक शिपाई, ट्रेव्हर लॉक. तोही आत ओलीस झाला. कोटाखाली रिव्हॉल्व्हर होतं, ते सहा दिवस त्याने लपवून ठेवलं. कोट काढायला तयार नाही, संडासला जावं लागू नये म्हणून खाणं टाळत होता. शेवटी कमांडो घुसले तेव्हा टोळीचा म्होरक्या एका कमांडोवर नेम धरणार, तेवढ्यात लॉकने त्या म्होरक्याच्या अंगावर झेप घेतली. कोणाच्या दारावर होता तो? ज्या देशाने स्वतःच्या दारावरचे पोलीस दिसेनासे होऊ दिले, त्या देशाच्या. इराणबद्दल लॉकचं मत काय होतं, मला माहीत नाही. कोणी विचारलंही नसेल. हेच मला तुझ्या डोक्यात घालायचंय.

माझ्या स्वतःच्या गोष्टीवर मी येणार नव्हतो. पण तुझ्या पत्रातलं 'मला पटत होतं' हे वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण हेच शब्द मी एका चौकशी अधिकाऱ्यासमोर उच्चारलेत.

शहराचं नाव नको, देशाचंही नको. मी निरीक्षक होतो, हाताखाली 22 माणसं. मोर्च्याचा म्होरक्या कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता. म्हणाला, "साहेब, नुसतं निवेदन द्यायचंय, पंधरा मिनिटं." मी पहिलं बॅरिकेड बाजूला करायला सांगितलं. चाळीसजण फाटकापर्यंत जातील, कागद देतील, फोटो निघेल, परत येतील. त्यांचं म्हणणं पटलं नसतं, तर मी ते बॅरिकेड सरकवलं असतं का? नाही. मग मागचे चारशे त्या चाळिसांच्या पाठोपाठ आत शिरले आणि पुढचं तुला माहीत आहे, जमाव सगळीकडे सारखाच वागतो. काचा फुटल्या. आत टेलिफोनवर बसणारी एक मुलगी होती, आपल्याच शहरातली, आपलीच भाषा बोलणारी. तिच्या भुवईवर काच लागली. सात टाके. परक्या देशाला धडा शिकवायला निघालेल्या माणसांचा दगड त्या पोरीला लागला.

हे नेहमीचंच आहे. इस्लामाबादला 21 नोव्हेंबर 1979 ला मक्केच्या मशिदीवरून उठलेल्या एका खोट्या अफवेपायी जमावाने अमेरिकेचा दूतावास जाळला. फौज यायला काही तास लागले. चार जण मेले, त्यातले दोघे पाकिस्तानीच होते, तिथे नोकरी करणारे.

मी लाठीमाराचा आदेश का दिला नाही, हे तेव्हाही विचारलं गेलं, आजही कोणी ना कोणी विचारतं. तो रस्ता तू पाहिलेला नाहीस. एका बाजूला उंच भिंत, दुसरीकडे गटाराचं खोदकाम. लाठी चालवली असती तर चेंगराचेंगरी झाली असती. मी लोकांशी बोलत राहिलो, हात जोडत राहिलो, म्हणून गोळीबाराची वेळ आली नाही. हे खरं आहे. चौकशीत सांगितलं, बायकोला शंभरदा सांगितलं, आता तुला सांगतोय. मला सक्त ताकीद मिळाली, आणि ती जास्त होती असं मला अजूनही वाटतं. पण बॅरिकेड सरकवलं ते या सगळ्याच्या आधी. तिथे लाठी नव्हती, खोदकाम नव्हतं, वरून आदेश नव्हता. तिथे मी होतो आणि माझं मत होतं. त्या मुलीला बघायला मी दवाखान्यात गेलो नाही. चौकशी चालू आहे, भेटणं योग्य दिसणार नाही, असं स्वतःला समजावलं. चौकशी संपली, तरी गेलो नाही.

त्यानंतर मात्र मी बॅरिकेड सरकवलं नाही. एका नगरसेवकाने भर रस्त्यात मला 'गोऱ्यांचा चौकीदार' म्हटलं. मी म्हटलं, चौकीदार आहेच, रस्त्याचा. लोक मला हटवादी म्हणायचे, तूही म्हणशील.

बाकी घोषणा देऊ दे. गाढवावरून प्रतिमा फिरवू दे. यावर माझं आणि माझ्या साहेबांचं नेहमी वाजायचं. त्यांना घोषणाही ऐकू येऊ नयेत इतकं अंतर हवं असे. अमेरिकेत दूतावासापासून 500 फुटांच्या आत त्या सरकारला झोंबणारे फलक धरायला बंदी होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये ती बंदी रद्द केली आणि गर्दी हटवण्याचा पोलिसांचा अधिकार मात्र शाबूत ठेवला. मला हे आवडतं. आवाज जाऊ दे, हात जाता कामा नये.

आता थोडं तुझ्या बरोबरीच्यांचं. 2 डिसेंबर 2024 ला आगरताळ्यात बांगलादेशच्या सहायक उच्चायुक्तालयात जमाव घुसला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी खेद व्यक्त केला. निलंबित कोण झाले, तर तीन उपनिरीक्षक. तुझ्याच हुद्द्याचे. त्याआधी मार्च 2023 मध्ये लंडनला आपल्या उच्चायुक्तालयाचा तिरंगा खेचला गेला, तेव्हा दिल्लीने ब्रिटनला काय विचारलं? तुमचे पोलीस कुठे होते? बरोबर विचारलं. मग तोच प्रश्न ढाक्याने आपल्याला विचारला तर तोंड वाकडं का करायचं? 1967 च्या जूनमध्ये पेकिंगला, म्हणजे आताच्या बीजिंगला, आपल्या अधिकाऱ्यांना धक्काबुक्की झाली, म्हणून दिल्लीत जमाव चाणक्यपुरीतल्या चिनी दूतावासात घुसला, माणसं जखमी केली. लगेच पेकिंगमध्ये आपला दूतावास वेढला गेला, आपली माणसं आत अडकली. दिल्लीत वीट उचलणारा संध्याकाळी घरी जेवला असेल.

तू पुण्याची. म्हात्रे पुलावरून हजारदा गेली असशील. तो कोणाच्या नावाचा, ठाऊक आहे का? रवींद्र म्हात्रे, आपले बर्मिंगहॅममधले अधिकारी. 1984 च्या फेब्रुवारीत मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाले होते, वाटेत पळवून नेलं आणि दोन दिवसांनी मृतदेह सापडला. तो दंगा नव्हता, अपहरण होतं, पण त्या दिवशीही कुठल्या तरी परक्या शहरात कुठल्या तरी परक्या पोलिसाच्या भरवशावर एक मराठी माणूस बसमधून उतरला होता. तुझ्या त्या कॉन्सुलेटमधूनही संध्याकाळी कोणीतरी केक घेऊन निघत असेल. त्यांच्या सरकारचं धोरण तुला पटत नाही, मलाही पटत नाही. जमीन आपली, राखण आपली.

रागाने लिहिलंय, समजून घे. तू पॉइंट सोडला नाहीस, चार तास उभी राहिलीस, मग हा प्रश्न विचारलास. मी प्रश्न विचारला नव्हता, थेट बॅरिकेड सरकवलं होतं.

तुझ्या पत्रात शेवटी लिहिलंयस की मागच्या गल्लीतल्या दारावर दोनच शिपाई होते आणि तू साहेबांना तोंडी सांगितलंस. तोंडी कशाला? मीही तोंडीच सांगितलं होतं, सकाळी नऊ वाजता, आणखी पंधरा माणसं द्या म्हणून. चौकशीत कोणालाच ते आठवलं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मोर्चा आहे म्हणतेस. गुरुवारी स्वतः जाऊन ते मागचं दार बघ, कडी आतून लागते की बाहेरून ते बघ, चार माणसं माग, आणि मागितली त्याची नोंद स्टेशन डायरीत वेळ टाकून कर. मग मला फोन कर, रात्री दहानंतर केलास तरी चालेल, मी जागाच असतो.